लॉक हे नाव कुलपावरून नाही, आणि त्या गावाला नावं दोन आहेत

प्रश्न असा आलाय: आम्ही मागच्या महिन्यात सॅक्रामेंटोहून नदीच्या रस्त्याने खाली डेल्टात फिरायला गेलो, वाटेत लॉक नावाचं लाकडी घरांचं एक छोटं गाव लागलं, दुकानांवर चिनी पाट्या, पण गावाचं नाव इंग्रजी. चौथीतल्या मुलीला शाळेत कॅलिफोर्नियाच्या एखाद्या जागेवर प्रोजेक्ट करायचाय तर तिने हेच गाव घेतलं. हे नाव कुलपावरून पडलं की कालव्याच्या लॉक-गेटवरून? चिनी लोकांच्या गावाला असं नाव का? आणि सगळीकडे 'अनइनकॉर्पोरेटेड' लिहिलंय त्याचा अर्थ काय?

मी गेली चोवीस वर्षं कॅलिफोर्नियात जमिनीच्या टायटलचं काम करते, म्हणजे कुठली जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याचे जुने दस्त शोधायचे, वाचायचे आणि साखळी जुळवायची. त्यातली बरीच वर्षं डेल्टातल्या जमिनींवर गेली. लॉक हा माझ्या फार जवळचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी कुलपाचं. नाही, कुलपाचा काही संबंध नाही. मराठीत लिहिलं की लॉक म्हणजे कुलूपच वाटतं, पण इंग्रजीत या नावाच्या शेवटी एक 'ई' आहे, आणि ते आडनाव आहे. जॉर्ज लॉक हे सॅक्रामेंटो शहरातले व्यापारी, गावाखालची जमीन त्यांची आणि नंतर त्यांच्या कुटुंबाची. लॉक-गेटचा तुमचा अंदाज मात्र समजण्यासारखा आहे कारण गावाच्या शेजारीच, वॉलनट ग्रोव्हकडे जाताना, डेल्टा क्रॉस चॅनेलची मोठी दारं लागतात, ती बघून कोणालाही वाटेल की नाव यावरूनच आलं असणार. पण तो कालवा पूर्ण झाला १९५१ साली, आणि गाव वसलं १९१५ साली. मुलीला एवढं सांगा की नाव आणि वस्तू शेजारी दिसली म्हणून जोडायची नाही, आधी दोघांची साल बघायची. नावांच्या कामात निम्म्या चुका इथेच होतात.

दुसरी गल्लत माझ्या कामात खरोखर झालेली मी पाहिलीय. इथून आग्नेयेला सॅन वाकीन काउंटीत लॉकफोर्ड नावाचं गाव आहे, मोकेलमी नदीच्या काठी, तेही अनइनकॉर्पोरेटेड. ते डॉक्टर डीन लॉक यांच्या नावाचं, त्यांच्या रँचवर नदीला उतार होता, फोर्ड म्हणजे उतार, म्हणून लॉकफोर्ड. हे लॉक वेगळे, आपल्या गावाचे लॉक वेगळे. दोन्ही गावं नदीकाठची, आडनाव तेच, स्पेलिंगही तेच, आणि इंटरनेटवर दोघांची माहिती एकमेकांत मिसळलेली सापडते, म्हणून मुलीच्या प्रोजेक्टमधे डॉक्टर आले तर समजा की गाव चुकलं.

आता 'अनइनकॉर्पोरेटेड'. आपल्याकडे वाडी म्हणतो ना, स्वतःची ग्रामपंचायत नाही, गट ग्रामपंचायतीत चार वाड्या एकत्र, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे पण तंतोतंत तशी नाही. आपल्याकडे वाडी कुठल्यातरी पंचायतीत असतेच, तिला सरपंच असतो, भले तो शेजारच्या गावातला असो. इथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणजे वस्ती आहे, नाव आहे, नकाशात आहे, पण नगरपालिकाच नाही. मेयर नाही, सिटी कौन्सिल नाही. कारभार थेट काउंटीचा, म्हणजे आपल्या हिशोबात थेट जिल्हा परिषदेचा म्हणा. पोलीस म्हणजे शेरीफ. आगीचा बंब वेगळ्या फायर डिस्ट्रिक्टचा, नदीचा बांध सांभाळायला रेक्लमेशन डिस्ट्रिक्ट वेगळं. डेल्टात अशी कितीतरी गावं आहेत: वॉलनट ग्रोव्ह, कोर्टलँड, हूड, राइड, सगळी अनइनकॉर्पोरेटेड. आयल्टन तेवढं १९२३ साली रीतसर सिटी झालं.

याचा नावाशी काय संबंध? खूप आहे. सिटी स्थापन होते तेव्हा ठराव होतो, कागद होतो, त्या कागदावर नाव अधिकृत लिहिलं जातं. अशा वस्तीचं नाव कोणी ठराव करून ठेवत नाही, ते पडत जातं. बोटीचा धक्का असेल तर धक्क्याचं नाव, रेल्वे आली तर स्टेशनचं नाव, पोस्ट आलं तर पोस्टाचं नाव, आणि यातलं जे एखाद्या वजनदार संस्थेच्या छापील कागदावर जातं ते टिकतं. फ्रीपोर्ट बघा, १८६२-६३ च्या सुमाराला एका रेल्वे कंपनीने सॅक्रामेंटो शहर मालाच्या चढउतारावर घेत असलेला आकार चुकवायला शहराच्या खाली नदीवर वेगळं बंदर काढलं, म्हणून 'फ्री' पोर्ट. हूड हे सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या चीफ इंजिनियरचं आडनाव. कोर्टलँड हे तिथल्या सिम्स नावाच्या जमीनमालकाच्या मुलाचं नाव. म्हणजे या नदीकाठावर नावं कोणाची तर मालकांची, त्यांच्या मुलांची आणि रेल्वेच्या साहेबांची. जमीन पाण्यातून वर काढणाऱ्यांचं नाव एकाही गावाला नाही, आणि लॉकची गोष्ट मुळात तिथून सुरू होते.

ही जमीन मुळात जमीन नव्हतीच. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या समुद्राकडे जाताना जिथे एकत्र येतात तिथे दलदल होती, लव्हाळ्यासारखं ट्यूल नावाचं गवत माणसापेक्षा उंच वाढलेलं, भरतीला पाणी आत, ओहोटीला बाहेर. १८५० साली फेडरल सरकारने असल्या बुडीत जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, अट एवढीच की त्या कसण्याजोग्या करा. अजूनही डेल्टातला दस्त उघडला की जमिनीच्या वर्णनात 'स्वॅम्प अँड ओव्हरफ्लोड लँड, सर्व्हे नंबर अमुक' असं येतं. आज तिथे पेअरची, म्हणजे नासपतीची, बाग उभी असते, चार पिढ्या उत्पन्न घेतलेली, आणि कागदावर ती अजून दलदलच. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला आमच्या कृष्णाकाठची मळी आठवली. पूर ओसरला की गाळाची जी काळी जमीन वर येते ती, आजोबा म्हणायचे मळी ही नदीची, आपण फक्त उसनी घेतो.

तर ही दलदल कोरडी कोणी केली? पहिलं मोठं काम चिनी मजुरांनी. १८६९ साली रेल्वे देशभर जोडून झाली आणि हजारो चिनी मजूर त्या कामातून मोकळे झाले, त्यातले बरेच डेल्टात बांध घालायला आले, काही त्याच्या आधीपासूनच होते. फावडं, ढकलगाडी आणि कमरेएवढं पाणी. पीटची, म्हणजे कुजलेल्या गवताची माती इतकी भुसभुशीत की घोडे रुतायचे, म्हणून घोड्यांच्या खुरांना रुंद पसरट जोडे बांधायचे, ट्यूल शू म्हणायचे त्याला. असे जोडे म्युझियममधे बघायला मिळतात, बघितलं की लगेच कळतं जमीन कसली होती ती. १८६० ते १८८० या काळात हाताने केलेल्या कामातून सुमारे ८८,००० एकर जमीन वर आली असा आकडा नेहमी दिला जातो. पुढे गाळ उपसणारे, वाफेवर चालणारे ड्रेजर आले, मजुरांची गरज कमी झाली आणि १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्यावरच बंदी घालणारा कायदा झाला. जे राहिले ते ज्या जमिनीचे बांध घातले त्याच जमिनीवर पेअर तोडायला, अ‍ॅस्परॅगस कापायला शेतमजूर म्हणून लागले.

वॉलनट ग्रोव्हला त्यांचा चायनाटाउन होता. तिथे दोन गट होते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाहेरच्या माणसाला ते सगळे नुसते 'चिनी' दिसतात. एक गट सी-यापचा, म्हणजे दक्षिण चीनमधल्या चार परगण्यांचा, दुसरा चुंगशानचा. दोघांची बोली वेगळी, एकमेकांचं बोलणं सहज समजायचं नाही, दुकानं वेगळी, संस्था वेगळ्या. (जाता जाता, चुंगशान हे नावसुद्धा नंतरचं आहे. १९१५ साली त्या परगण्याला हेउंगशान म्हणायचे, चीनमधली राजेशाही संपवणारे नेते सन यत-सेन तिथले, ते १९२५ साली गेल्यावर त्यांच्या सन्मानार्थ परगण्याचं नाव बदलून चुंगशान केलं. म्हणजे लॉक वसवणारे स्वतः ज्या नावाच्या गावाकडून आले होते तेही नाव मागे त्यांच्या आयुष्यातच बदललं.)

७ ऑक्टोबर १९१५ ला वॉलनट ग्रोव्हच्या चायनाटाउनला आग लागली, लाकडी घरं, सगळं खाक झालं. सी-यापवाल्यांनी तिथेच परत बांधायचं ठरवलं. चुंगशानवाल्यांनी ठरवलं की आपण वेगळं व्हायचं. तिथून अर्ध्या-पाऊण मैलावर लॉक कुटुंबाच्या जमिनीवर त्यांच्यातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी १९१२ सालापासूनच दुकान वगैरे थाटलेलं होतं, कारण तिथे रेल्वेचा माल भरायचा धक्का आणि पॅकिंग शेड होती, मजुरांची ये-जा होती, १९०९ साली बांधलेलं एक बोर्डिंग हाउसही उभं होतं. मग बिंग ली आणि बाकीचे व्यापारी मिळून जॉर्ज लॉककडे गेले आणि तिथे गाव बांधायची बोलणी केली. जागा लॉकची, घरं तुमची, महिन्याला भुईभाडं. कागद केला नाही, हात मिळवला आणि शब्द दिला.

इथे माझ्या धंद्यातली माणसं थबकतात. अख्खं गाव, दुमजली इमारती, शाळा, दुकानं, थिएटर, आणि खाली जमिनीचा एक कागद नाही? कारण काय तर १९१३ सालचा कॅलिफोर्नियाचा एलियन लँड लॉ. जे परदेशी नागरिकत्वाला पात्र नाहीत त्यांना शेतजमीन घेता येणार नाही आणि भाड्यानेसुद्धा फार तर तीन वर्षं, असा तो कायदा. रोख मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर होता पण चिन्यांनाही तोच लागू, कारण त्या वेळच्या कायद्याने आशियाई माणसाला अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं. आणि हे फक्त चिनी-जपान्यांचं दुखणं नव्हतं, आपलंही होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला आणि याच सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात वर युबा सिटीकडे शेती करणारे पंजाबी शेतकरी त्याच कायद्याच्या कात्रीत सापडले. आपल्याला नागरिकत्वाचा रस्ता १९४६ साली मोकळा झाला. आज आपण फोल्समला आणि फ्रीमाँटला घरं घेतो, सह्या करतो, किल्ली घेतो, तर त्या आधीची ही तेहेतीस वर्षं प्रत्येकाला माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

एक बारकावा. इथे जन्मलेली चिनी मुलं नागरिकच होती, १८९८ च्या वाँग किम आर्क निकालाने ते पक्कं झालेलं, त्यामुळे काही ठिकाणी मुलांच्या नावावर जमीन घेण्याचा मार्ग लोकांनी काढला. लॉकमधे ते घडलं नाही कारण इथे जमिनीचे तुकडे कधी विकलेच नाहीत. आणि तोंडी भाडेपट्टा एक वर्षाच्या पुढे कोर्टात टिकत नाही, म्हणजे कायद्याच्या नजरेने ही सगळी माणसं महिना-महिन्याची भाडेकरू. गोव्याच्या वाचकांना मुंडकार शब्दाने हे लगेच कळेल: घर मुंडकाराचं, जमीन भाटकाराची. फरक एवढाच की गोव्यात १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, लॉकच्या माणसांकडे दिलेल्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

आणि तो शब्द पाळला गेला हेही सांगायला हवं. लॉक कुटुंबाने लोकांना हुसकावलं नाही, पुढची साठेक वर्षं गाव त्या शब्दावर उभं राहिलं. पण शब्दावर बँक कर्ज देत नाही. खालची जमीन आपली नाही म्हटल्यावर घर गहाण टाकता येत नाही, मग नवीन बांधकाम नाही, मोठी डागडुजी नाही. आज तुम्हाला जे १९२० सालचं गाव जसंच्या तसं दिसतं ना, तिरकी झालेली भिंत, उन्हाने राखाडी पडलेल्या फळ्या, ते कोणी मुद्दाम जपलेलं नव्हतं. बदलायला कागद नव्हता म्हणून ते तसं राहिलं.

आता नाव. सुरुवातीला या जागेला लॉकपोर्ट म्हणायचे. पोर्ट म्हणजे धक्का, लॉकच्या जमिनीवरचा धक्का, सरळ हिशोब. काही वर्षांत 'पोर्ट' गळून पडलं आणि नुसतं लॉक राहिलं. असं शेपूट गळणं जगभर होतं, आपल्याकडेही रोजच्या बोलण्यात बुद्रुक आणि खुर्द गळतात, सातबाऱ्यावर तेवढे राहतात. इथे सातबाराच नसल्याने गळलं ते कायमचं गळलं. पोस्टाचा पत्ता आजही वॉलनट ग्रोव्हचा आहे.

पण तिथे राहणाऱ्यांनी स्वतःच्या गावाला चिनीत काय म्हटलं? दोन अक्षरं लिहितात, कँटोनीज उच्चार साधारण 'लोक-ग्युई'. पहिलं अक्षर सुखाचं, आनंदाचं, दुसरं राहण्याचं, वस्ती करण्याचं. सुखाने राहायची जागा. मालकाच्या आडनावाचा आवाज पहिल्या अक्षरात धरला आणि अर्थ पूर्णपणे स्वतःचा भरला. परदेशी नाव चिनी अक्षरांत लिहिताना आवाज जुळवून चांगल्या अर्थाची अक्षरं निवडायची ही त्यांची जुनीच रीत आहे, पण इथे ती निवड बघितली की माझ्या अंगावर काटा येतो. घरं जळाली, जमीन घेता येत नाही, नागरिक होता येत नाही, बायका-मुलांना आणायला कायदा आड येतो, आणि ही माणसं मालकाच्या नावातून 'सुखाने राहायची जागा' काढतात. आणि आपल्या मराठी कानाला ते 'लोक' ऐकू येतं हा निव्वळ योगायोग, भाषेचा काही संबंध नाही, पण मला प्रत्येक वेळी तसंच ऐकू येतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की 'लॉक हे गाव जॉर्ज लॉक यांच्या नावावरून' एवढंच लिहिणं हे अर्धं उत्तर आहे. नकाशावरचं नाव जमिनीचा दस्त कोणाकडे होता ते सांगतं. दुसरं नाव तिथे कोण जगलं ते सांगतं. सरकारी यादीत एकच बसतं, कारण अमेरिकेत १८९० सालापासून जागांच्या नावांचं बोर्ड आहे आणि फेडरल नकाशांवर एका जागेला एकच नाव हा त्यांचा नियम, आणि नकाशासाठी तो बरोबरही आहे, बंब कुठे पाठवायचा हे कळायला हवंच. पण इतिहास लिहिताना ती यादी शेवटचा शब्द धरायची नाही.

गाव बघताना एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. नदीचा रस्ता बांधावरून जातो, आणि मेन स्ट्रीट त्याच्या मागे एक मजला खाली आहे. त्यामुळे पहिल्या रांगेतल्या इमारतींना दोन तोंडं: वरचा मजला बांधावरच्या रस्त्याला उघडतो, खालचा मेन स्ट्रीटला. तुम्ही खालच्या रस्त्यावर उभे राहून वर बघितलंत तर दोन्ही बाजूंच्या लाकडी गॅलऱ्या जवळजवळ एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात, रस्ता इतका अरुंद की दुपारीही सावली असते. आणि मग लक्षात येतं की नदी तुमच्या डोक्याच्या पातळीला आहे, मधे फक्त तो बांध. डेल्टात आत गेलात तर पीट वाळून, झिजून जमिनी इतक्या खचल्यात की कित्येक बेटं समुद्रसपाटीच्या दहा ते पंचवीस फूट खाली आहेत, त्यामुळे तिथे बांध हा भूगोलाचा विषय नाही, जगण्याचा आहे.

मेन स्ट्रीटवर दाइ लोय नावाची इमारत आहे, पूर्वीचा जुगाराचा अड्डा, आता म्युझियम. १९१६ पासून १९५१ पर्यंत चालला, मग सरकारने धाड घालून बंद केला. आत फॅन-टॅनचं टेबल आहे. बटणांचा ढीग घ्यायचा, वाटीखाली झाकायचा, मग काठीने चार-चार बटणं बाजूला सारायची, शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात यावर पैसे लावायचे. मला त्या अड्ड्याचं उदात्तीकरण करायचं नाही, दिवसभर वाकून कापलेल्या अ‍ॅस्परॅगसची मजुरी तिथे एका रात्रीत जायची. पण हेही खरं की एकट्या पुरुषांना बसायला, गावाकडची बातमी ऐकायला, चहा प्यायला तीच जागा होती, कारण कायद्याने बायको इथे येऊ शकत नव्हती. पलीकडे चिनी शाळेची इमारत आहे, मुलं दिवसा इंग्रजी शाळेत आणि संध्याकाळी इथे चिनी शिकायला. तिला जो शूंग यांचं नाव आहे, दुकानांच्या मोठ्या साखळीचे मालक, त्यांनी दुरुस्तीला पैसे दिले. परत बघा, इमारतीला नाव देणगीदाराचं. त्या शाळेतले बाक जुने, लाकडी, शाईचे डाग पडलेले, मुलीला तिथे नक्की बसवा.

भरभराटीच्या काळात गावात सहाशेच्या आसपास माणसं कायम राहायची आणि हंगामात मजूर धरून दीड हजारापर्यंत जायची. किराणा, मासळी, बेकरी, जडीबुटीची दुकानं, स्टार नावाचं थिएटर. चिनी नसलेल्या माणसाचं पहिलं दुकान आलं ते १९३४ साली, एका इटालियन माणसाचं खाणावळ-बार, ते अजून चालू आहे. त्याच्या जुन्या नावात इटालियन लोकांना उद्देशून हिणवणारा शब्द होता, मुलीच्या प्रोजेक्टमधे तो घालू नका, आता लोक नुसतं अ‍ॅल्स प्लेस म्हणतात.

पुढचं थोडक्यात. १९५२ साली एलियन लँड लॉ कोर्टात रद्द झाला, पण तोपर्यंत मुलं शिकून सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्कोला गेलेली, इंजिनियर, डेंटिस्ट झालेली, पेअर तोडायला कोण परत येणार, आणि आई-बापांनीही ते होऊ नये म्हणूनच कष्ट केलेले. १९७१ साली गाव ऐतिहासिक जागांच्या राष्ट्रीय यादीत गेलं. १९७७ साली लॉक कुटुंबाकडून सगळी जमीन हाँगकाँगच्या डेव्हलपरने घेतली. १९९० साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, ग्रामीण चिनी-अमेरिकन वस्तीचा देशातला सगळ्यात मोठा आणि शाबूत राहिलेला नमुना म्हणून. तरीही जमीन राहणाऱ्यांची नव्हतीच. शेवटी सॅक्रामेंटोच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने गावाची जमीन विकत घेतली, तिचे प्लॉट पाडले, आणि २००४ च्या सुमाराला घरमालकांना आपल्या घराखालची जमीन विकत घ्यायची संधी मिळाली. १९१५ ते २००४. हिशोब करा, एकोणनव्वद वर्षं. मी रोज दस्त वाचते, विकणारा अमुक, घेणारा तमुक, त्यात डोळे कोरडे राहतात, पण या गावात ज्या दिवशी पहिल्यांदा 'घेणारा' या जागी तिथे राहणाऱ्याचं नाव आलं असेल तो कागद माझ्यासाठी साधा नाही. दुःख एवढंच की तोपर्यंत जुनी चिनी कुटुंबं बोटावर मोजण्याइतकी उरली होती.

मुलीला स्वतः शोधायचं असेल तर सांगते कुठे बघायचं. १९२० ची जनगणना ऑनलाइन आहे, त्यात वॉलनट ग्रोव्हच्या भागात शोधायचं, लॉक असं वेगळं शोधू नका. जनगणना ७२ वर्षांनी खुली होते त्यामुळे १९५० पर्यंतची बघता येते. नावं शोधताना अडखळाल, कारण चिनी नावात आडनाव आधी येतं आणि मोजणीवाल्याने कधी ते आधी लिहिलंय कधी नंतर, स्पेलिंग ऐकू आलं तसं, एकच माणूस दोन जनगणनांत दोन वेगळी माणसं वाटू शकतो. आपल्या आजोबांची नावं इंग्रजांच्या कागदात कशी लिहिली जायची ते आठवा म्हणजे अंदाज येईल. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेले नकाशे मिळाले तर सोनं, त्यात इमारत लाकडाची की विटेची, किती मजली, आत काय चालायचं तेही लिहिलेलं असतं. आणि काउंटीच्या रेकॉर्डरकडे विकणाऱ्या-घेणाऱ्यांची सूची असते, तिथे 'लॉक' गाव म्हणून शोधू नका, जॉर्ज लॉक हे माणसाचं नाव म्हणून शोधा. गाव कागदावर नव्हतं, माणूस होता.

परत गेलात तर घरांच्या मागच्या बाजूला चक्कर मारा, तिथे भाज्यांचे वाफे आहेत, उन्हाळ्यात गेलात तर मांडवावर कारली, कोहळे आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा लटकलेल्या दिसतील, इतक्या आपल्या मांडवासारख्या की मी पहिल्या वेळी तिथे उभी राहून आईला व्हिडिओ कॉल लावला होता. लोकांची राहती घरं आहेत, कुंपणाच्या आत जाऊ नका, विचारलं तर म्हातारी माणसं आनंदाने बोलतात. आणि प्रोजेक्टच्या कागदावर 'नाव कसं पडलं' असा रकाना असतो, त्यात तिला दोन ओळी लिहायला सांगा: लॉक, जमीनमालक जॉर्ज लॉक यांच्यावरून, आधी लॉकपोर्ट. लोक-ग्युई, सुखाने राहायची जागा, गाव बांधणाऱ्यांनी ठेवलेलं. दोन अक्षरं तिला स्वतःच्या हाताने काढू दे, गावातल्या कोणालाही विचारलंत तर लिहून दाखवतील.